विसळलेला ग्लास

साशंक : हल्ली ड्राफ्ट बिअर देणारा काउंटरवरचा मुलगा रिकामा ग्लास आधी एका जाळीवर उलटा दाबतो. खालून गार पाण्याचा फवारा उडतो, ग्लास आतून भिजतो आणि तसाच निथळता तोटीखाली जातो. या कृतीबद्दल मला मनापासून शंका आहे. पाहुण्याला द्यायचा पेला आधी कोरडा पुसून घे, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं. इथे मात्र ओला ग्लास हाच चांगल्या बिअरचा पुरावा मानला जातो. मला सांगा, ग्लास मुळात नीट धुतलेला असेल, तर पुन्हा पाणी कशाला? आणि नीट धुतलेला नसेल, तर दोन सेकंदांच्या फवाऱ्याने त्याचं काय होणार? दोन्ही बाजूंनी ते पाणी फुकट गेलं. शिवाय या सगळ्याने चव सुधारते असा दावा केला जातो, तो तर मला अजिबात पटत नाही.

रसिक : पेच तुम्ही बरोबर मांडलात, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. आपल्या भाषेत भांड्यासाठी घासणं, धुणं आणि विसळणं अशी तीन क्रियापदं आहेत आणि मोरीशी बसणारं कुणीही ती एकमेकांच्या जागी वापरत नाही. घासल्याने चिकटलेलं सुटतं, धुतल्याने ते वाहून जातं, विसळल्याने साबण जातो. काउंटरवरचा फवारा फक्त तिसरं काम करतो. पहिली दोन झालेली नसतील तर तो काही करू शकत नाही, हे मला आधीच मान्य आहे. म्हणून आधी धुण्याबद्दल बोलू, कारण चवीचं खरं नुकसान तिथे होतं.

बिअरचा फेस साबणाच्या फेसासारखा नसतो. बादलीत साबण टाकला की फेस वाढतो. तोच साबण बिअरच्या ग्लासात राहिला तर फेस बसतो. हे उलटं वाटतं, पण कारण साधं आहे. जवाच्या माल्टमधली प्रथिनं बुडबुड्याच्या पातळ पापुद्र्यात एकमेकांना धरून बसतात. हॉप्स या वेलीच्या फुलांमधली कडू आम्लं त्यांना आणखी घट्ट बांधतात. हे एक विणकाम आहे म्हणा. साबणाचे रेणू त्या पापुद्र्यात घुसून जागा अडवतात, पण प्रथिनांसारखे एकमेकांना धरत नाहीत, त्यामुळे वीण उसवते. तुपातेलाचा कण तर त्याहून वाईट. तो पापुद्र्यावर पसरत जातो आणि पसरता पसरता त्याला फाडतो.

आणि त्याला किती कमी तेल लागतं पाहा. बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यात चमचाभर तेल ओतलं, तर सुमारे अर्ध्या एकरावरच्या लाटा शांत झाल्या. १७७४ साली ते छापून आलं. अर्धा एकर म्हणजे साधारण दोन हजार चौरस मीटर. बिअरच्या ग्लासाचं तोंड जेमतेम पन्नास चौरस सेंटीमीटर. गणित केलं तर त्या तोंडभर तेलाचा थर पसरायला चमच्याचा चार लाखावा भाग पुरतो. डोळ्यांना चकचकीत दिसणाऱ्या ग्लासात एवढं तेल सहज असतं. लिपस्टिकची एक कड, वेटरच्या अंगठ्याचा ठसा, आदल्या गिऱ्हाइकाच्या ओठांचं तेल, किंवा जेवणाची ताटं आणि ग्लास एकाच पाण्यात धुतले गेले, एवढं पुष्कळ झालं.

साशंक : तळ्यावरचं तेल मी समजू शकतो. पण तळं म्हणजे ग्लास नव्हे. आणि तुम्हाला आवडेल असं एक नाव मीच पुढे करतो, आग्नेस पोकेल्स. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगची ही बाई. विद्यापीठात जायची तिला मुभा नव्हती. घरातली भांडी धुताना खरकट्या पाण्याचा पृष्ठभाग कसा बदलतो हे तिने वर्षानुवर्षं मोजलं. १८९१ साली तिने भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं आणि त्यांनी ते ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापायला लावलं. तिला काय दिसलं? पाण्यावरचं तेल एका मर्यादेच्या आत असेल तर पृष्ठताण जवळपास हलतच नाही. मर्यादा ओलांडली की तो एकदम घसरू लागतो. म्हणजे थोडी अस्वच्छता निरुपद्रवी असते, असं स्वयंपाकघरातूनच सिद्ध झालेलं आहे.

रसिक : पोकेल्सबाईंचं नाव तुम्ही काढलंत याचा मला आनंद झाला. भांडी धुण्यातून विज्ञान काढणारी ती बाई या विषयात यायलाच हवी होती. पण ती मर्यादा केवढी आहे? एका रेणूच्या जाडीचा थर. म्हणजे मी सांगितलेला तोच चमच्याचा चार लाखावा भाग. मर्यादा आहे, पण ती इतकी खाली आहे की घाईत धुतलेला ग्लास ती सहज ओलांडतो.

साशंक : ठीक. फेस बसतो, हे मी मानतो. पण माझा मूळ प्रश्न चवीचा होता आणि तुम्ही मला फेसाचं शास्त्र सांगितलंत. फेस दिसतो, चव लागते, आणि डोळा जिभेला फार लवकर फसवतो. २००१ साली बोर्दोच्या संशोधकांनी वाइन शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन बिनवासाच्या लाल रंगाने रंगवून दिली. त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. शिकलेल्या नाकांची ही गत. मग ज्याच्यासमोर पांढरा दाट फेस असलेला ग्लास आणि बिनफेसाचा मरगळलेला ग्लास ठेवला, तो पहिल्याला चविष्ट म्हणणारच. त्यात ग्लासाच्या स्वच्छतेचा भाग किती आणि नजरेचा किती, हे तुम्ही वेगळं कसं काढणार?

दुसरी गोष्ट, आपल्याकडे बिअर कोण कोरडी पितो? समोर चखणा असतो. मसाला शेंगदाणे, चकली, तळलेला बोंबील. पहिल्या दोन घोटांतच पिणाऱ्याचे स्वतःचे तेलकट ओठ ग्लासाला लागतात. काउंटरवरच्याने कितीही जिवापाड धुतलं तरी तिसऱ्या घोटाला फेस बसलेला असतो. मग त्या धुण्याचा उपयोग किती वेळ? पन्नास सेकंद?

रसिक : चखण्याचा मुद्दा खरा आहे, मी त्याला उत्तर देणार नाही. तेलकट ओठांनी फेस बसतो आणि तो पिणाऱ्याचा स्वतःचा हिशेब आहे. पण पहिला घोट काउंटरवरच्याचा असतो, आणि तो पिणाऱ्याला जसा भरला तसा मिळायला हवा.

आता चव. फेसाला तुम्ही नुसता देखावा समजता आहात, तिथे माझा विरोध आहे. हॉप्सची कडू आम्लं फेसात जास्त साठतात, म्हणून नुसता फेस चाखला तर तो खालच्या बिअरपेक्षा कडू लागतो. फेस गेला की त्या कडूपणाची जागाच बदलते. बुडबुडे फुटताना बिअरमधला वास हवेत उडवतात आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा वाटा नाकाचा असतो. सर्दी झाल्यावर आमटी कशी लागते, आठवा. म्हणजे फेस नजरेचा आहेच, पण नाकाचाही आहे.

शिवाय घाण फेसाला मारते आणि वायूलाही हाकलते. गलिच्छ ग्लासात बिअर भरली की आतल्या काचेला बुडबुडे चिकटून बसलेले दिसतात, मोत्यांसारखे. पुष्कळांना ते ताजेपणाचं लक्षण वाटतं. खरं तर जिथे बुडबुडा चिकटला तिथे काहीतरी आहे, तेलाचा डाग, क्षार, धागा. फ्रान्समधल्या रँस शहरातले भौतिकशास्त्रज्ञ जेरार लिजे-बेलेर यांनी शॅम्पेनचे बुडबुडे अतिवेगवान कॅमेऱ्याने पाहिले. गुळगुळीत काचेवर बुडबुडा सहजी जन्मत नाही. तो जन्मतो कापडाच्या किंवा हवेतल्या धाग्याच्या पोकळीत अडकलेल्या हवेतून. मी हे वाचलं तेव्हा आपल्या त्या कोरड्या फडक्याची आठवण झाली. पाहुण्यासाठी पेला पुसताना आपण त्यात धागे सोडतो, आणि फडकं आधी पोळपाटावर फिरलेलं असेल तर तेलही. बिअरचा ग्लास पुसायचा नसतो. तो जाळीवर उलटा ठेवून वाळवायचा असतो, खाली हवा खेळेल असा. कापडावर किंवा ट्रेमध्ये पालथा घातला तर आतली कोंदट हवा तशीच राहते आणि नाकाला कळते.

साशंक : धुण्याबद्दल मी माघार घेतो. पण फवाऱ्याबद्दल नाही. उलट आता माझी शंका वाढली. तुम्ही म्हणता, चमच्याचा चार लाखावा भागही जड जातो. मग त्या फवाऱ्यातून येणाऱ्या पाण्याचं काय? ते पाणी कुठलं? पुण्यात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं. अनेक सोसायट्यांत आणि हॉटेलांत टँकरचं किंवा बोअरचं पाणी असतं. क्षारांनी नळाच्या जाळ्या बुजतात, बादलीच्या कडेला पांढरी रांग धरते. तेच पाणी तुम्ही ग्लासाच्या आत मारता आणि त्याला शेवटचा शुद्ध संस्कार म्हणता. महापालिकेचं पाणी असेल तर क्लोरीन आहे. क्लोरीनचा आणि बिअरमधल्या फिनॉल जातीच्या द्रव्यांचा संयोग झाला तर दवाखान्यासारखा वास येतो आणि तो फार अल्प प्रमाणातही नाकाला कळतो. तुमच्याच मापाने पाहिलं तर हा धोका मोठा नाही का? आणि बिअर पातळ होते, ते वेगळंच.

रसिक : पातळ होण्याची भीती मात्र सोडा, ती मोजता येते. विसळून झटकलेल्या अर्धा लिटरच्या ग्लासात दोनेक मिलिलिटर पाणी राहतं असं धरा. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तुम्ही हे पाहू शकता. पाच टक्के अल्कोहोलची बिअर त्याने ४.९८ टक्के होते. हा फरक कुणाला चाखता येत असेल असं मला वाटत नाही.

पण विसळण्याचं कारण समजायला आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या बोहेमियात जावं लागेल. १८३८ साली प्लझेन शहरात लोकांनी खराब बिअरची ३६ पिंपं उघड्यावर ओतून दिली. त्या रागातून शहराने स्वतःची भट्टी बांधली, योसेफ ग्रोल नावाचा बव्हेरियन ब्रुअर आणला आणि १८४२ साली आज आपण ज्याला पिल्सनर म्हणतो ती सोनेरी बिअर पहिल्यांदा बाहेर आली. तिथल्या पाण्यात क्षार फारच कमी, म्हणून ती बिअर तशी झाली, हे सगळे ब्रुअर मानतात. त्या मुलखात आजही बिअर भरणारा धुतलेला ग्लास गार पाण्यात विसळून ओलाच तोटीखाली धरतो. त्यात तीन कामं होतात. धुण्याच्या द्रव्याचा शेवटचा अंश जातो. काचेच्या बारीक ओरखड्यांत अडकलेल्या हवेची जागा पाणी घेतं, त्यामुळे बिअर काचेवर आपटून उसळत नाही, सरकत खाली जाते आणि फेस बारीक, दाट होतो. आणि काच गार होते.

हे तिसरं काम किरकोळ वाटतं, पण आपल्याकडे तेच सर्वांत मोठं आहे. चारशे ग्रॅम वजनाचा जाड काचेचा मग खोलीच्या तीस अंशांवर असेल आणि त्यात चार अंशांची अर्धा लिटर बिअर ओतली, तर दोघांची उष्णता वाटली जाऊन बिअर साडेसातच्या वर जाते. नुसत्या काचेने साडेतीन अंश खाल्ले. धुण्याच्या यंत्रातून नुकताच निघालेला ग्लास असेल तर बघायलाच नको. आणि तापमान चढलं की वायू सुटतो. चार अंशांना पाण्यात जेवढा कार्बन डायऑक्साइड मावतो त्याच्या साधारण सहा दशांशच वीस अंशांना मावतो. गरम ग्लासात बिअर भरताना निम्मा ग्लास फेस येतो, भरणारा तो काढून टाकतो, पुन्हा भरतो, आणि शेवटी हातात येते ती वायू गेलेली, बोथट बिअर.

साशंक : मग ग्लास फ्रीझरमध्ये ठेवा. पाणी तरी वाचेल.

रसिक : फ्रीझरमध्ये आतून बर्फाची बुरशी धरते. तिच्या खडबडीत कडांवर बिअर आणखी उसळते, ग्लासाला शेजारच्या मासळीचा वास लागतो, आणि इतक्या थंडीत जीभ बधिर होते. ग्लास थंड हवा, गोठलेला नको.

मात्र तुमच्या मेच्या टाकीला माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते आहे असं मी भासवणार नाही. प्लझेनच्या गार, मऊ पाण्यात जी कृती सार्थ आहे ती पस्तीस अंशांच्या क्षारी पाण्यात केली तर काच गार होत नाही. ओला थर वाळायच्या आत बिअर पडली तर क्षार फार उरणार नाहीत, पण तो फवारा रोज मारून उघड्यावर वाळलेल्या ग्लासावर पांढरी झाक चढते आणि तीच पुढे बुडबुडे धरून ठेवते. जो मालक फवाऱ्याच्या नळाला गाळण आणि थंडावा देत नाही, त्याने तो लावू नये. धुण्याची पद्धत मात्र कुठल्याही हवामानात एकच राहते.

साशंक : पाण्याचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करू, कारण माझ्या मनात सर्वांत जास्त हेच आहे. एका फवाऱ्याला शंभर-दीडशे मिलिलिटर पाणी गेलं असं धरलं, तर हजार ग्लासांना शंभर लिटरच्या वर. आकडा छोटा आहे, मला माहीत आहे. पण २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याच दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांचं पाणी कमी करण्याचा आदेश दिला. ज्या राज्यात बिअरच्या कारखान्याला किती पाणी द्यावं हे कोर्टाला ठरवावं लागलं, तिथे आधीच स्वच्छ असलेला ग्लास पुन्हा भिजवण्याला कारण सबळ हवं. चवीचं कारण सबळ आहे का, हे अजून कुणी दाखवलेलं नाही.

आणि चवीचीच चिंता असेल तर नळ्यांकडे बघा. केगपासून, म्हणजे बिअरच्या पिंपापासून, तोटीपर्यंतची नळी कुणाला दिसत नाही. अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनची शिफारस आहे की निदान दर दोन आठवड्यांनी ती क्षारी द्रावणाने धुवावी. ती धुतली नाही तर आत जिवाणू वाढतात आणि बिअरला लोण्याचा किंवा व्हिनेगरचा वास येतो. त्या वासापुढे ग्लासावरचं चार लाखाव्या भागाचं तेल काय करणार? काउंटरवरचा फवारा सगळ्यांना दिसतो, नळी कुणालाच दिसत नाही. म्हणून फवारा लावला जातो आणि नळी तशीच राहते, अशी माझी भीती आहे.

रसिक : ही भीती माझीही आहे. नळी घाण असेल तर ग्लासाने काही वाचत नाही, हे मी लिहून देतो. पण तुमच्याच वाक्यातून मी उलट अर्थ काढतो. पिणाऱ्याला नळी दिसत नाही, केग दिसत नाही, शीतखोली दिसत नाही. त्याला एकच गोष्ट दिसते, ग्लास. आणि ग्लास वाचता येतो. ओला ग्लास धरला तर पाणी एकसंध पडद्यासारखं उतरलं पाहिजे. मध्येच थेंब फुटले, वाटा पडल्या, तर तिथे तेल आहे. ओल्या ग्लासात मीठ भुरभुरवलं तर ते सगळीकडे सारखं चिकटलं पाहिजे, मोकळी राहिलेली जागा म्हणजे डाग. आणि पिताना प्रत्येक घोटानंतर फेसाचं एक कडं काचेवर मागे राहिलं पाहिजे. सहा घोट, सहा कडी. जो मालक दिसणारी गोष्ट सांभाळत नाही तो न दिसणारी सांभाळत असेल, यावर माझा विश्वास बसत नाही. दिसणारी सांभाळणारा न दिसणारीही सांभाळतोच, अशी खात्री मात्र देता येत नाही, तेही खरं.

पाण्याबद्दल मी तुमच्याशी वाद घालणार नाही. फक्त एवढं म्हणेन की खराब भरलेल्या ग्लासातून फेस म्हणून जी बिअर मोरीत जाते, ती बनवताना तिच्या कितीतरी पट पाणी लागलेलं असतं. फवाऱ्याचं पाणी आणि मोरीत गेलेली बिअर, दोन्ही एकाच हिशेबात मांडायला हवीत.

साशंक : तो हिशेब मांडण्याआधी फरक आहे की नाही ते तरी ठरवू. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बिअर कारखान्यात १९४० च्या दशकात यासाठीच त्रिकोणी चाचणी बसवली गेली. तीन ग्लास, दोन सारखे, एक वेगळा, आणि चाखणाऱ्याने वेगळा ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तीनांत एकदा बरोबर येतंच, म्हणून एका फेरीला अर्थ नाही. बारा फेऱ्या घ्याव्या लागतील आणि त्यात आठ तरी बरोबर यायला हव्यात. सातपर्यंत मी योगायोग म्हणेन. ग्लास अपारदर्शक हवेत, म्हणजे फेस दिसणार नाही आणि बोर्दोची फसगत टळेल.

रसिक : मान्य, पण चाचणी एक नको, दोन हव्यात, कारण आपल्या बोलण्यातून प्रश्नच दोन निघाले. पहिली, नीट धुतलेला ग्लास आणि तेलाचं बोट लावलेला ग्लास. दुसरी, नीट धुतलेला कोरडा ग्लास आणि नीट धुतलेला विसळलेला ग्लास. पहिलीत तुम्ही बारापैकी नऊ-दहा वेळा ओळखाल, असा माझा अंदाज आहे. दुसरीबद्दल मी पैज लावणार नाही. दोन्ही ग्लास एकाच तापमानाचे असले तर कदाचित मीही ओळखणार नाही.

साशंक : आणि विसळण्याचं पाणी?

रसिक : दोनदा करू. एकदा फ्रिजमधलं गाळलेलं, एकदा गच्चीवरच्या टाकीतलं, भर दुपारी. ग्लास आदल्या रात्री तुमच्याकडे धुऊन ठेवा, बिनवासाच्या साबणाने, ताटांपासून वेगळे, आणि जाळीवर पालथे. त्यांतला एकही फडक्याने पुसू नका.